आवाज नसलेल्या डब्याची तांत्रिक छाननी

तक्तेसाहेबांचं खरं आडनाव वेगळं होतं, पण ते आता फक्त पगारपत्रकावर उरलं होतं. बाकी सगळीकडे, म्हणजे कार्यालयात, कँटीनमध्ये आणि बायको चिडली की घरातही, ते तक्तेसाहेबच होते. खरेदी विभागात त्यांनी चोवीस वर्षं काढली होती आणि या चोवीस वर्षांत त्यांच्या टेबलावरून एकही वस्तू तुलनात्मक तक्त्याशिवाय आत आली नव्हती. टाचणीसुद्धा नाही. डावीकडे पुरवठादारांची नावं, वरती वस्तूचे गुण, मधल्या चौकोनांत बरोबरची खूण किंवा फुली, आणि अगदी उजवीकडे 'शेरा'. जुन्या फायलींच्या खोलीसाठी मागवलेला पंखा तिसऱ्या वर्षी ऐन थंडीत आला, तोवर तो मागणारा कारकून निवृत्त झाला होता. पण ती फाइल अशी देखणी झाली होती की लेखापरीक्षकाने ती दोनदा वाचली. एकदा कामासाठी, आणि एकदा, असं म्हणतात, आवडली म्हणून.

अशा माणसाच्या घरात एक वस्तू घ्यायची वेळ आली.

झालं होतं असं. तक्तेसाहेबांचे वडील आणि तक्तेसाहेबांची बायको, म्हणजे सासरा आणि सून, गेली सात वर्षं एक मालिका एकत्र बघत होते. समुद्रातल्या एका दीपगृहाची मालिका. पहिल्याच भागात दीपगृहाचा रखवालदार नाहीसा होतो, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दिवा बरोबर वेळेवर लागतो. कोण लावतं? या एका प्रश्नावर सात सीझन उलटले होते. मध्ये एक बोट बुडाली, दोन खोटी मृत्युपत्रं निघाली, कुणाचा तरी जुळा भाऊ आला आणि गेला, पण दिवा लावणारा काही सापडला नव्हता. दोघं सोफ्याच्या दोन टोकांना बसत, मध्ये बिस्किटांचा डबा. तक्तेसाहेब त्याच खोलीत, पण पाठमोरे, टेबलावर फाइल घेऊन. मालिका वीजमंडळाबद्दल आहे अशी त्यांची पहिली चार वर्षं समजूत होती.

आता आठवा आणि शेवटचा सीझन आला होता. आठ भाग. आणि तो बघता येत नव्हता.

टीव्ही मोठा होता, पण जुना. तो घरात आला तेव्हा इंटरनेट हा त्याचा विषय नव्हता. म्हणून तक्तेसाहेबांनी कार्यालयाने मोडीत काढलेला एक कॉम्प्युटर आणून त्याला जोडला होता. चित्र दिसायचं. पण त्या कॉम्प्युटरचा पंखा सुरू झाला की घरात कुणीतरी मिक्सर लावून विसरून गेल्यासारखं वाटायचं. इतरांना सवय झाली होती. पंचाईत बाबांची झाली, कारण गेल्या वर्षी त्यांच्या कानात मशीन आलं. कानातलं मशीन निःपक्षपाती असतं. ते माणसाचं बोलणं आणि कॉम्प्युटरचा पंखा यांत भेदभाव करत नाही, दोन्ही सारख्याच मायेने मोठं करून देतं. आठव्या सीझनचा पहिला भाग लावला तेव्हा बाबा दहा मिनिटं कान देऊन बसले आणि म्हणाले, "आज समुद्रावर वारा फार आहे." पडद्यावर दोन बायका स्वयंपाकघरात बसून हळू आवाजात बोलत होत्या.

यात भर म्हणजे बाबा चालले होते. तक्तेसाहेबांच्या ताईकडे, विमानाने, पार समुद्रापलीकडे. पुढच्या महिन्याच्या चोवीस तारखेची सकाळची तिकिटं निघाली होती. निदान दोन वर्षं, असं ताई म्हणाली होती. बाबांच्या वयाला दोन वर्षं म्हणजे किती, हा हिशेब घरात कुणी बोलून दाखवला नव्हता. शिवाय ताईच्या घरात मुलांच्या अभ्यासापायी टीव्हीच नव्हता.

"सात वर्षं थांबलो," बाबा म्हणाले, "आणि दिवा कोण लावतं ते न कळताच जाणार बहुतेक."

"बाबा, असं कसं?" तक्तेसाहेब म्हणाले. "छत्तीस दिवस आहेत हातात. तुम्ही जायच्या आत सगळा सीझन इथे, याच टीव्हीवर दाखवतो. असा छोटा, शांत कॉम्प्युटर आणतो की आवाज म्हणून येणार नाही."

"मालिकेचा येईल ना?"

"तो येईल."

"मग हरकत नाही."

बाप कधी काही मागत नसे. त्यामुळे हे वचन देताना तक्तेसाहेबांना छातीत काहीतरी हलल्यासारखं झालं, आणि असं काही हललं की ते जे करत तेच त्यांनी केलं. पट्टी आणि पेन्सिल घेतली.

रात्रीची जेवणं होईतो तेवीस रकाने आखून झाले होते. आकारमान. वजन. पंखा आहे किंवा कसे. असल्यास आवाज किती डेसिबल. नसल्यास उष्णता कुठून जाते. मेमरी. केबलची लांबी. पुढच्या दिव्याचा रंग, आणि तो डोळ्यांवर येतो का.

बायकोने वाकून पाहिलं. ती फिजिओथेरपिस्ट होती, बाजाराच्या रस्त्यावर तिचा छोटा दवाखाना होता. दिवसभर लोकांच्या माना आणि पाठी सरळ करायच्या, आणि घरी येऊन बघायचं तर नवरा टेबलावर वाकलेला.

"अहो, आमच्या दवाखान्यात टीव्हीच्या मागे एक काडी लावलीय. अंगठ्याएवढी. इंटरनेटवरचं सगळं दिसतं तिच्यावर. तसली एक आणा, उद्या संध्याकाळी बघायला बसू."

"काडीला पंखा आहे?"

"नाही."

"मग तापल्यावर काय करते?"

"तापली नाही अजून."

"म्हणजे चाचणी झालेली नाही." तक्तेसाहेबांनी पहिल्या ओळीत काडीचं नाव घातलं, सरळ एकोणीस फुल्या मारल्या आणि शेऱ्यात लिहिलं: 'यंत्र नव्हे. अपात्र.'

"आधीच ठरवून टाकलंत की," बायको म्हणाली.

"मी काही ठरवलेलं नाही. तक्ता ठरवतो."

दुसऱ्या शनिवारी ते कॉम्प्युटरच्या दुकानात गेले. दुकान एका बाईंचं होतं. बाई त्यांच्या कार्यालयाला छपाईची शाई पुरवत आणि एकदा शिक्का तिरपा उमटला म्हणून त्यांचं दरपत्रक परत आलं होतं. त्यामुळे तक्तेसाहेब दारात दिसताच त्या उभ्याच राहिल्या.

"शिक्का सरळ करून घेतलाय, साहेब."

"मी घरच्या कामासाठी आलोय."

"मग बसते," म्हणून बाई बसल्या.

गरज ऐकून घेतल्यावर त्यांनी काउंटरवर तीन डबे मांडले. एक तळहातावर मावेल असा, एक जाड पुस्तकाएवढा, आणि एक काळा, ज्याच्या पाठीवर कंगव्यासारखे धातूचे दाते उभे होते.

"हा घ्या डोळे मिटून. याला पंखाच नाही. दात्यांतून गरम हवा आपली आपण निघून जाते. आवाज शून्य."

"शून्य मोजलं कुणी?"

"साहेब, पंखा नाही तर वाजणार काय?"

"हे लेखी द्याल?"

तक्तेसाहेबांनी फोन काढला. आवाज मोजण्याचं एक ॲप त्यांनी आदल्या दिवशी त्यावर घेतलं होतं. दुकानात अडुसष्ट डेसिबल निघाले.

"फार होतात हो."

"डबा अजून लावला नाहीये, साहेब."

"तरीपण. तो छताचा पंखा बंद करता का?"

पंखा बंद झाला. मग बाईंनी शेजारी जाऊन झेरॉक्सवाल्याला दोन मिनिटं थांबायला सांगितलं. मग पलीकडच्या स्कूटर दुरुस्तीवाल्याला सांगितलं. तो म्हणाला, कोण गेलं? बाई म्हणाल्या, अजून कुणी नाही. असं करत करत आकडा एक्केचाळीसवर आला. घामाघूम झालेली तीन दुकानं त्या फोनकडे बघत उभी होती. एवढ्यात आकडा एकदम सेहेचाळीस झाला.

"काय वाजलं?"

"मी सुस्कारा सोडला," बाई म्हणाल्या.

डबा घेऊन येण्याऐवजी तक्तेसाहेब तीन माहितीपत्रकं घेऊन आले. आणखी चार कंपन्यांची रात्रीतून उतरवून घेतली. सात डबे झाले. सातांनाही आपापल्या कागदावर आपणच सर्वांत शांत असल्याचं म्हणायचं होतं, आणि ते म्हणण्यासाठी प्रत्येकाने वेगळी खोली, वेगळं अंतर आणि वेगळं मोजमाप वापरलं होतं. आता तुलना व्हायची तर पाया एक हवा. पाया म्हणजे आपली स्वतःची खोली. यंत्र यायच्या आधी ती किती शांत आहे, हे आधी कळायला नको?

म्हणून एका रविवारी घर शांत करण्यात आलं. फ्रिज बंद केला. त्यात दूध होतं हे संध्याकाळी सगळ्यांना आपोआप कळलं. भिंतीवरच्या घड्याळातून सेल काढला, तो परत घालायचा राहिला, आणि सोमवारी सगळं घर सव्वा तास उशिरा कामाला गेलं. स्वयंपाकघराच्या नळाखाली, ठिबकतो म्हणून, घडी केलेला पंचा ठेवला. बाबांना सोफ्यावर त्यांच्या नेहमीच्या जागी बसवलं, कारण ऐकणारा माणूस हजर असताना मोजलं तरच ते मोजमाप खरं.

"बाबा, हलू नका."

"हललो नाही. तो गुडघा आहे."

"तेहेतीस आले. गुडघ्याचे."

"जुना आहे, करकरायचाच."

"या पुस्तकाएवढ्या डब्याच्या पत्रकावर वीस लिहिलेत," तक्तेसाहेब लिहिता लिहिता म्हणाले. "म्हणजे तो तुमच्या गुडघ्यापेक्षा कमी वाजतो."

बायको दारात हात बांधून उभी होती. तिने नवऱ्याकडे पाहिलं, मग सासऱ्याकडे.

"मग गुडघ्याचंच आधी बघू या," ती म्हणाली. "बाबा, उद्यापासून दुपारी एक वाजता दवाखान्यात या. एक ते तीन पेशंट नसतात माझे."

"रोज?"

"रोज. आठ बैठका तरी लागतील."

"आठ का?" बाबांनी विचारलं, आणि मग सुनेचा चेहरा बघून म्हणाले, "हां. आठ लागतीलच. गुडघ्याला."

"बघा," तक्तेसाहेब समाधानाने म्हणाले, "मोजल्याशिवाय कळलं असतं का गुडघ्याचं?"

बाबा दवाखान्यात जाऊ लागले. पहिल्या दिवशी काठी घेऊन गेले आणि काठी काखेत मारून आले. तिसऱ्या बैठकीनंतर ते इतके विचारात होते की चहात बिस्कीट विरघळून गेलं. पाचवीनंतर त्यांनी आल्या आल्या सुनेला विचारलं, "पण मग पत्र त्या मुलीने का लपवलं असेल?" तक्तेसाहेब मान वर करून म्हणाले, "कसलं पत्र?" सून म्हणाली, "एका पेशंटचं. विम्याचं." तक्तेसाहेबांनी मान खाली घातली. विम्याची पत्रं लोक लपवतात, हे त्यांना अनुभवाने माहीत होतं.

दवाखान्यातले पेशंट मात्र जिवावर उठले होते. सगळ्या गावाने तो सीझन बघून संपवला होता आणि मानेला वजन लावून पालथा निजलेला माणूस वीस मिनिटं करणार काय? बोलणारच. "अहो मॅडम, तुम्हाला कळलं का, दिवा कोण..." एवढं कुणी म्हणालं की ती वजन अर्धा किलो वाढवायची. माणूस गप्प व्हायचा. पहिल्या पंधरवड्यात तिने हे घरी हसत हसत सांगितलं होतं. नंतर सांगायचं थांबवलं. म्हणजे पेशंट बोलतच होते, पण आता वजन वाढत नव्हतं.

आणखी एक गोष्ट थांबली होती. 'कधी आणताय?' हे विचारणं थांबलं होतं. एखादा विभाग वस्तू मागतो आणि मग तगादा लावायचा बंद होतो, याचा अर्थ खरेदीतला माणूस बरोबर ओळखतो. एक तर त्यांची गरज संपली, नाहीतर त्यांनी किरकोळ खर्चातून परस्पर भागवलं. हा नियम तक्तेसाहेबांनी नवीन लोकांना स्वतः शिकवला होता. पण घर हे कार्यालय नव्हे असं त्यांचं ठाम मत होतं, त्यामुळे नियम घरी लावायचं त्यांच्या डोक्यात आलं नाही. त्यांना वाटलं, घरच्यांचा आपल्यावर विश्वास बसला.

त्या विश्वासाला जागून ते रात्रंदिवस खपत होते. सात कंपन्यांना त्यांनी चौदा प्रश्न पाठवले. पाच गप्प राहिल्या. एकीने 'आपल्या प्रश्नाबद्दल आभारी आहोत' असं कळवून प्रश्नच परत पाठवला. सातवीने कळवलं की आपण विचारत आहात तो डबा आम्ही मागच्याच आठवड्यात बंद केला, आता त्याच्यापेक्षा चांगला निघाला आहे. म्हणजे ती ओळ खोडणं आलं. खाडाखोड असलेला तक्ता ग्राह्य नाही, म्हणून सगळा तक्ता पुन्हा आखणं आलं. यात आठ दिवस गेले.

"तुझं ते कुठवर आलं?" बाबांनी एकदा सहज विचारलं.

"तांत्रिक छाननी संपत आलीय. दोन डबे उरलेत. एकाचा आवाज कमी आहे आणि दुसऱ्याची केबल लांब आहे."

"मग कमी आवाजाचा घे की. त्यासाठीच तर."

"तसं एकदम घेता येत नाही, बाबा. केबलवाल्याने विचारलं की मला का नाकारलं, तर?"

"तो विचारणार आहे?"

"नाही. पण विचारलं तर उत्तर फाइलवर पाहिजे."

बाबांनी मान डोलावली. मग ते म्हणाले, "तुझी आई तुझ्यासाठी शाळेची छत्री घ्यायला गेली होती. पहिली उघडली, तिच्यात उभी राहिली, आणि घेऊन आली."

"ती छत्री दुसऱ्या वर्षी मोडली, बाबा."

"पहिल्या वर्षी भिजला नाहीस पण."

अठरा तारखेला सकाळी बायकोने दाराशी चप्पल घालता घालता फक्त एवढंच म्हटलं, "आज अठरा आहे हं. चोवीसला बाबा जाणार." बोलण्यात राग नव्हता, आणि राग नाही म्हटल्यावर तक्तेसाहेब हादरले. दुपारी त्यांनी अर्धी रजा टाकली आणि पहिल्या दिवशी बाईंनी डोळे मिटून घ्या म्हटला होता तोच काळा डबा मागवला. बाईंनी बिल केलं. शिक्का मारला, सरळ आहे ना ते दोनदा तपासलं, आणि सुस्कारा सोडायला आतल्या खोलीत गेल्या.

एकवीसला डबा घरी आला. तो जोडल्यावर पडद्यावर 'अद्ययावत होत आहे, बंद करू नका' असं आलं आणि ते पहाटेपर्यंत होतच राहिलं. सकाळी सगळं शांत होतं. इतकं शांत की डबा चालू आहे की नाही हेच समजेना. तक्तेसाहेबांनी वाकून त्याच्या दात्यांना हात लावला. कोमट. झोपलेल्या मांजरासारखा. त्यांनी फोन जवळ नेला. खोलीचे एकोणतीस, डबा चालू असतानाही एकोणतीस. त्यांनी तक्त्याखाली सही केली, तारीख घातली, आणि डोळे पुसले.

बावीस तारीख, शनिवार, दुपारचे दोन. पडदे ओढले. हॉलच्या कोपऱ्यात बाबांची बॅग अर्धी भरून उघडी पडली होती. बाबा सोफ्याच्या त्यांच्या टोकाला, सून तिच्या टोकाला, मध्ये बिस्किटांचा डबा. आणि आज पहिल्यांदाच तक्तेसाहेब टेबलाशी नव्हते. एक खुर्ची ओढून ते सोफ्याच्या बाजूला बसले होते. मांडीवर फोन, फोनवर आवाजाचा आलेख. प्रात्यक्षिकाची नोंद हवी.

"तर," त्यांनी उभं राहून सुरुवात केली, "एकूण प्राप्त झालेल्या सात यंत्रांपैकी..."

"अहो, लावा ना."

त्यांनी लावलं.

समुद्र दिसला. नुसता दिसला नाही, ऐकू आला. लाटा खडकावर येऊन फुटत होत्या आणि परत जाताना बारीक गोटे खडखडवत नेत होत्या. बाबांनी कानातल्या मशीनवर बोट ठेवलं आणि तसंच ठेवून राहिले. पडद्यावर एक तरुण मुलगी दीपगृहाच्या गोल जिन्यावरून चढत होती, एकेक पायरी मोजत.

"एकशे बारा," बाबा पुटपुटले.

मुलगी थांबली. दम खात म्हणाली, "एकशे बारा."

बाबांची नजर अजून तरबेज आहे, या विचाराने तक्तेसाहेबांना बरं वाटलं. मुलीने खिशातून एक पत्र काढलं. "उलटं धर गं," बाबा पुटपुटले. मुलीने पत्र उलटं धरलं. कानात मशीन असलेल्या माणसाला आपण किती मोठ्याने पुटपुटतो याचा अंदाज नसतो. जुना कॉम्प्युटर असता तर हे त्याच्या पंख्याखाली गाडलं गेलं असतं. या खोलीत आता गाडायला काही नव्हतं.

तेवढ्यात सुनेने तोंडावर हात नेला आणि "बाई गं!" केलं. पडद्यावर एक बंद दार होतं. नुसतं दार. तक्तेसाहेबांनी दाराकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, मांडीवरच्या फोनकडे पाहिलं. आलेखावर 'बाई गं'चा उंचवटा स्पष्ट उमटला होता. त्यानंतर चार सेकंदांनी दार धाडकन उघडलं.

तक्तेसाहेबांनी मालिका थांबवली. खोलीत एकोणतीस डेसिबल राहिले.

"तुम्ही हे बघितलंय."

बाबांचा गुडघासुद्धा करकरला नाही.

"सगळं?"

"आठही," बाबा म्हणाले. "शपथ घेऊन खोटं बोलायचं माझं वय नाही आता."

"कुठे?"

"दवाखान्यात," बायको म्हणाली. "दुपारी. रोज एक."

"कशावर?"

बायकोने सोफ्याच्या शिवणीतून एक कण काढला. "काडीवर."

तक्तेसाहेब खुर्चीत मागे टेकले. चौतीस दिवस, सात डबे, चौदा प्रश्न, दोन तक्ते.

"गुडघाही बरा झाला हो मधल्या मध्ये," बाबा घाईने म्हणाले. "तो खोटा नव्हता."

"मला सांगितलं का नाही?"

"सांगणार कसं?" बायको म्हणाली. "तुम्ही फ्रिज बंद केलेला, घड्याळ बंद केलेलं, रात्री दोन वाजता उठून रकाने आखताय. आणि म्हणताय काय, तर बाबांसाठी. बाबांची तारीख पुढे जाणार नव्हती. तुमची जात होती."

"मग आज कशाला बसलात? नाटक करायला?"

"हो," ती म्हणाली. "तेही आठ भागांचं. आठही वेळा दचकायचं होतं मला. तुम्ही पहिल्या दारातच पकडलंत."

"चार सेकंद आधी दचकलीस."

"सवय नाही हो मला."

बाबा खाकरले. "नाटक करायलाच बसलो, खरं सांगतो. तुझा हिरमोड नको, एवढंच ठरलं होतं. पण अरे, दवाखान्याच्या शेजारी तो टायरवाला. त्याचं हवेचं मशीन सारखं सुरू. तिथे मला ओ की ठो ऐकू आलं नाही. खालची अक्षरं वाचून आणि ही जे ओरडून सांगेल त्यावर सगळा सीझन काढला. या पोरीचा आवाज असा घोगरा आहे, हे आत्ता कळतंय मला. मी आपला नाजूक धरून चाललो होतो. नाजूक आवाजाची पोर आणि घोगऱ्या आवाजाची पोर, दोघींनी लपवलेलं पत्र निराळं असतं की नाही?"

तक्तेसाहेबांनी त्या थांबलेल्या चित्राकडे पाहिलं. मुलगी दाराकडे वळून उभी होती.

"ही कोण?" त्यांनी विचारलं.

"रखवालदाराची नात," दोघं एकदम म्हणाले.

"आणि रखवालदार?"

"तो पहिल्या भागातच गेला. सात वर्षांपूर्वी. तू इथेच बसला होतास," बाबा म्हणाले. "शेवट सांगू का? दिवा कोण लावतं?"

"नको."

"आणि ऐका," बायको म्हणाली. "सात सीझन पाठ फिरवून बसले. आणि आता शेवट सांगू नका म्हणे."

"नको म्हटलं ना. कळेल तेव्हा कळेल." तक्तेसाहेबांनी फोन उलटा करून बिस्किटांच्या डब्याशेजारी ठेवला. मग खुर्ची सोडून सोफ्यावर, दोघांच्या मधल्या जागेत, थोडं अंग चोरून बसले. बाबांनी सरकून जागा केली.

"लावू पुढे?"

"लाव. पण समुद्र जरा कमी कर, फार अंगावर येतो. माणसं आहेत तशीच राहू दे."

तक्तेसाहेबांनी आवाजाची सेटिंग्ज उघडली. तिथे अठरा पर्याय होते. संवाद ठळक, संवाद अतिठळक, रात्रीचा आवाज, मोठं सभागृह, छोटं सभागृह, आणि असे खाली खाली जातच राहिलेले. प्रत्येकापुढे बारीक अक्षरांत गुण लिहिले होते. कोणत्याही सज्जन माणसाला आधी पट्टी-पेन्सिल आठवावी अशीच ती यादी होती. बायकोने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि नजर वळवली. परवा सकाळी गाडी सात वाजता येणार होती. आठ भाग होते.

तक्तेसाहेबांनी पहिलाच पर्याय निवडला, दुसऱ्याचं नावही न वाचता, आणि मालिका पुढे सुरू केली.

समुद्र होता तेवढाच राहिला. लाट आली, फुटली, गोटे खडखडवत परत गेली. बाबांनी मान तिरपी करून नीट ऐकलं. मग मुलाच्या गुडघ्यावर हात ठेवून ते म्हणाले, "हां. आता कसं छान झालं."